डबा आत, सील बाहेर

इच्छापूरच्या बसमध्ये मोनालीच्या पुढच्या सीटवर एका ट्रकवाल्याची अन् त्याच्या बायकोची जुंपली होती.

“मागच्या फेरीचा डबा भरलेलाच परत आणला. ढाब्यावर जेवले ना?”

“नाही गं. कागदाचे रोल भरताना डबा मागे मालातच राहिला, अन् मिलवाल्यांनी ट्रकच्या दाराला सील ठोकलं.”

“मग सील तोडायचं अन् जेवायचं!”

“तुटलेलं सील दिसलं की चोर मीच ना? नागपूरपर्यंत नुसती केळी खाऊन गेलो.”

“आपलाच डबा, अन् आपणच चोर?”

“जाऊ दे. भूक लागली. तुझ्या मांडीवरच्या डब्यातली एक पुरणपोळी दे.”

“अहो, देवीचा नैवेद्य आहे!”

“एकच. इथे कोण बघतंय?”

बाईनं डब्याचं झाकण घट्ट दाबलं. मग मोनालीला दिसलं, तिनं हसत पिशवीतून एक केळं काढून नवऱ्याच्या हातावर ठेवलं.