झाडांचं बाळंतपण

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे असतील तर कौसाअक्काचे, माझ्या थोरल्या बहिणीचे. तुमी लिहून घेताय तर पहिलं तिचंच नाव लिहा. आमी धारूरच्या डोंगरातले, घरची शेरडं, आई मी लहान असतानाच गेली, मग शेरडांमागं कुणी जायचं अन् शाळेत कुणी, असा सवाल आला तेव्हा अक्का चौथीतून निघाली. बापाला म्हणाली, मला डोंगर आवडतो, याला धाडा शाळेत. काय सांगू तुम्हाला, एवढीशी पोर ती. तिच्यामुळं मी आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो, पदवी बी शेतीचीच, अन् आता मी युसूफ वडगाव या गावात खताच्या दुकानात कामाला हाय. लोक इचारतात कोणतं खत कधी द्यावं, मी सांगतो.

अक्काला दिली डोंगरापलीकडच्या वाडीत. दाजींची सीताफळाची बाग हाय, दोनशे झाडं. सीताफळाचं असं असतं बघा, दिवाळीच्या आगंमागं फळ उतरतं, पुढं थंडीत पानं पिवळी पडून गळतात, झाड नुसत्या काड्या होऊन उभं राहतं, अन् उन्हाळ्यात परत फुटतं. शेवटचं फळ उतरलं की दुसऱ्या दिवशी, पानं हिरवी असतानाच, अक्का झाडागणिक पाटीभर शेणखत, मूठभर युरिया अन् एक पाणी द्यायची. तिच्या सासूची रीत ती. त्या याला झाडांचं बाळंतपण म्हणायच्या. पोट रिकामं झालं म्हणून बाळंतिणीचं जेवण बंद करतेत का, असं त्यांचं म्हणणं.

गेल्या साली भाऊबीजेला गेलतो. ओवाळून झालं अन् अक्का पाटी घेऊन बागेत निघाली. मी म्हणलं, अक्का, हे बंद कर, झाड आता झोपायला चाललंय, खत वाया जातं, उन्हाळ्यात फुटताना देऊ, खरी भूक तेव्हा असती. दाजी म्हणाले, आमच्या आईनं तर जन्मभर दिलं बे. अक्का म्हणाली, तुमी गप बसा वो, तो शिकलाय. अन् तिनं पाटी पालथी घातली. ओवाळणीत मी काय टाकलं म्हणाल तर हे.

उन्हाळ्यात फूट आली ती बारीक, पिवळट. कळ्या थोड्या, त्यातल्या बी लई गळाल्या. मी घाबरून ठिबकातून युरिया सोडायला लावला, तर झाडं नुसती पानांनी माजली, फळ न्हाई. या साली दसऱ्यालाच बाग संपली. दाजी हसत म्हणाले, शिकलेल्या मेव्हण्यानं झाडांना एकादशी घडवली. अक्का म्हणाली, पावसानं घात केला. शेजारणीला बी तेच सांगितलं, पाऊस. पाऊस बरा झालता हो या साली.

मग मी कॉलेजची वही काढली. माझ्याच अक्षरात लिहिलेलं, पानगळीच्या आधी घेतलेला नत्र झाड खोडात अन् मुळांत साठवतं, उन्हाळ्यातली पहिली फूट अन् कळी त्या साठ्यावरच येते. या प्रश्नाला मला पैकीच्या पैकी मार्क होते. वाचलं, वही मिटली, दुकानात गेलो. रडू न्हाई आलं. गिऱ्हाईक आलं, त्याला पोतं काढून दिलं. तेव्हापासून असंच हाय, दात काढायच्या इंजेक्शननंतर गाल असतो ना, हात लावला तरी आपला वाटत न्हाई, तसं.

तीनदा फोन केला. अक्का, बागेचं, एवढं म्हणलं की ती म्हणती, बागेचं राहू दे, जेवलास का. जेवलो म्हणतो. बाळंतपण करणार का इचारलं तर म्हणती, तू सांगशील तसं. मी सांगेपर्यंत ती पाटी उचलणार न्हाई, अन् पानं कडेनं पिवळी व्हायला लागलीत. नुसतं दे म्हणलं असतं तरी तिनं दिलं असतं. पण मग दोष पावसावरच राहिला असता.

म्हणून काल पत्र टाकलं. तिला सावकाश वाचता येतं, मी मोठ्या अक्षरात लिहिलं. पत्राला मधीच जेवलास का म्हणता येत न्हाई. त्याची ही नक्कल, हाय तशी लिहून घ्या.

कौसाअक्कास नमस्कार.

पावसानं काही केलं नाही. मी केलं. झाडांचं बाळंतपण मी बंद पाडलं. उन्हाळ्यात झाड फुटतं ते थंडीच्या आधी खाल्लेल्या अन्नावर. हे तुझ्या सासूबाईंना माहीत होतं, तुला माहीत होतं आणि माझ्या वहीतही होतं. मी वही न बघता बोललो.

पत्र मिळेल त्याच दिवशी सुरू कर. पाटीभर शेणखत, मूठभर युरिया, एक पाणी. मूठ तुझीच धर, माझी मोठी आहे. पानं पिवळी पडायला लागलेली झाडं आधी घे. तू वरच्या बांधाकडून ये, मी रविवारी येऊन खालच्या बांधाकडून लागतो. शेजारणीला खरं काय ते मी सांगेन.

शाळा सोडताना डोंगर आवडतो म्हणाली होतीस, तेही मला तेव्हा खरंच वाटलं होतं.

तुझा
उत्रेश्वर