तीन नाईकांचा पत्ता

चहा घ्या, पण ऐकून हसू नका बरं.

माहा आजा मुंबईले जाऊन जहाजावर खलाशी झालता, तो परत आलाच नाही. माहा बाप मरेपर्यंत म्हणे, "विसरला तो आपल्याले." आपला जिल्हा मुंबई राज्यात गेला, तवा म्या म्हटलं, आता इचारून पाहू. जहाजाच्या हापिसाले चिठ्ठी टाकली.

चार महिन्यानं इंग्रजी कागद आला. शाळेतल्या नव्या गुरुजीनं वाचून सांगितला.

"तुझे आजोबा बोटीवर तापानं वारले. त्यांच्या पेटीत एक घोंगडी, एक लोटा आणि घरी लिहिलेली, पण परत आलेली तीन पत्रं मिळाली. पत्ता सोमला नाईक तांडा. पोस्टाचा शेरा, असं गाव नाही." गुरुजीनं मान वर केली. "कुठं होतं रे हे गाव?"

"तुम्ही बसले तेच, गुरुजी."

आमच्यात तांड्याले त्याच्या मुखियाचं, म्हंजे नाईकाचंच नाव असते. आजा मुंबईले गेला अन् मागून सोमला नाईक वारला. तांडा धनसिंग नाईकाचा झाला, आता फुलसिंगचा हाय. बोटीवर आज्याले हे कोण सांगणार?

म्या म्हटलं, "गुरुजी, हापिसाले उत्तर लिहा. पत्त्यात तिन्ही नाईक टाका."

"तिन्ही कशाला? तुला पत्र लिहिणारं आहे कोण?"

"कोणीच नाही. पण लिहिलंच कोणी, तं परत जाऊ नये."

पत्ता तवापासून पक्का हाय, गड्याहो. पत्र तेवढं येत नाही.