शेपटाने पुढे जायचं नाही

...आणि वर मलाच विचारतात, "काका, चेहरा असा का? वसंत आलाय." आलाय तर येऊ दे की. दरवर्षी येतो, आपल्या पायांनी येतो, त्याला आणायला सायकली घेऊन गावभर फिरायचं काय नडलंय? पण नाही. आमच्या वस्तीत हल्ली रविवारी सकाळी कोणी घरात दिसलं की लोक तब्येत विचारायला येतात. बाकी सगळे सायकलवर. या गल्लीतून त्या गल्लीत जायचं, आणि वाटेत कोणाच्या अंगणात, कोणाच्या गॅरेजात उभं राहून गाणं ऐकायचं. याला म्हणे 'सायकल आणि सूर'. तुम्हाला सांगतो, मी लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. आयुष्यभर लोकांना घाम न येऊ देता वर नेलं. आणि मला हे चढावर पायडल मारायला लावतात.

मी गेलोच नसतो हो. पण बायको गाणार होती. शेवटचा मुक्काम बागेत, तिथे ही गाणार, तेही माईकवर, जन्मात पहिल्यांदा. आदल्या दिवशी मला समोर बसवून म्हणाली, "हे बघा, घरात मी गायले की तुम्ही पेपराच्या मागून 'अप्रतिम' म्हणता. परवा मला ठसका लागला तरी 'अप्रतिम' म्हणालात. उद्या समोर उभं राहून ऐकायचं आणि खरं काय ते सांगायचं. नाहीतर यापुढे तुमच्यासमोर तोंड उघडणार नाही." आता बोला. काढली सायकल. ही पुढे निघून गेली माईकवाल्यांच्या टेम्पोतून, आणि मी उभा राहिलो त्या घोळक्यात.

घोळक्याचे पुढारी म्हणजे एक निवृत्त हेडमास्तर. गळ्यात शिट्टी. शाळा सुटली, शिट्टी सुटली नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तुम्ही धडधाकट दिसता. तुम्ही आमचं शेपूट." आणि अंगात एक नारिंगी बंडी चढवली, हातात पंप दिला. शेपूट म्हणजे काय, तर सगळ्यांच्या मागे राहायचं, कोणी हरवायला नको. "नियम पहिला," मास्तर म्हणाले, "शेपटाने पुढे जायचं नाही." पुढेही ते बरेच नियम सांगत होते, पण माझी सीट डुगडुगत होती, माझं लक्ष तिकडे.

पहिला मुक्काम गॅरेज. चार तरुण, चार वाद्यं, आणि अर्धा वेळ नुसतं तारा पिळणं. मला वाटलं हेच गाणं, म्हणून मी मान डोलावली, तर शेजारचा म्हणतो, "अजून सुरू नाही झालं." दुसरा मुक्काम एका जिन्याखाली. तिथे एक दाढीवाला, आधी गाणं कसं सुचलं ते सांगतो, मग गाण्यात काय आहे ते सांगतो, मग काय नाही ते सांगतो... आणि गाणं? ते आपलं शिंक येऊन जावी तसं आलं आणि गेलं. लोक डोळे मिटून उभे. मी विचारलं, झोपलेत का? तर म्हणे, "ऐकतोय. आपल्या मातीतलं संगीत आहे." अहो, जिन्याखाली फरशी होती.

पण हे सगळं मी सोसलं असतं. माझ्या नशिबी आले दातांचे डॉक्टर. घोळक्यात सगळ्यात महागडी सायकल त्यांची आणि सगळ्यात हळू तेच. कपडे असे, की वाटावं माणूस चंद्रावर निघालाय. आणि वसंतातली हवा तुम्हाला माहीत आहे. ऊन आलं की डॉक्टर थांबले. जाकीट काढायचंय. पण जाकीट काढायला आधी हातमोजे काढायचे, ते काढायला पाण्याची बाटली माझ्याकडे द्यायची, मग हेल्मेट, मग जाकीट, त्याची घडी, घडी पिशवीत... आणि निघालो, तर वारा सुटला. डॉक्टर पुन्हा थांबले. "सर्दी बाधते हो मला." मी बाटली धरून उभा. पुढचे लोक वळणावर दिसेनासे झाले, नुसतं कोणीतरी सायकलला बांधलेल्या स्पीकरचं ढप ढप ऐकू येत होतं, तेही मग बंद झालं. एकदा मी हळूच बाजूने चाक काढलं पुढे, तर हेल्मेटच्या आतून आवाज, "अं हं. शेपटाने पुढे जायचं नाही."

शेवटी मी सांगितलं, "डॉक्टर, माझी बायको गाणार आहे हो बागेत. नाही ऐकलं तर ती माझ्यासमोर पुन्हा गाणार नाही." डॉक्टर हेलावले. म्हणाले, "अहो, आधी नाही का बोलायचं? चला, आता जोरात जाऊ." माझा जीव भांड्यात पडतोय, तोवर म्हणाले, "जोरात जायचं तर जाकीट काढतो."

बाग समोर आली आणि टाळ्यांचा कडकडाट ऐकू आला. संपलं. गायली, लोकांनी ऐकलं, आणि मी एका माणसाचे हातमोजे सांभाळत होतो. सायकल तशीच टाकली, पळत गेलो. ही माईकसमोर उभी. आणि तुम्हाला सांगतो, माणूस बुडायला लागला की हाताला येईल ते धरतो. मी म्हणालो, "अगं, काय गायलीस! अप्रतिम. डोळ्यांत पाणी आलं. ती शेवटची ओळ तर... काळजाला भिडली."

हे सगळं माईकमधून गेलं. अख्ख्या बागेत.

ही शांतपणे म्हणाली, "अहो, मी अजून गायलेच नाही." ते पण माईकमधून.

टाळ्या कशाच्या, तर माईक एकदाचा चालू झाला म्हणून. मास्तर पुढे आले, शिट्टी फुंकली आणि म्हणाले, "नियम दुसरा ऐकला नव्हता वाटतं? शेपूट पोचल्याशिवाय गाणं सुरू करायचं नाही." म्हणजे ही सगळी माणसं इतका वेळ माझ्यासाठी ताटकळत होती, आणि मी येऊन हे दिवे लावले. लोक इतके हसले की बाकांवरची कबुतरं उडाली.

मग ती गायली. खरं सांगू? हिचा आवाज मी इतकी वर्षं स्वयंपाकघरातल्या नळाच्या आवाजामागून ऐकत आलो. नळाशिवाय कधी ऐकलाच नव्हता. थोडा थरथरत होता, मग स्थिर झाला, आणि मला काय झालं कळेना, डोळे भरले. अगदी खरोखरचे. पण आता सांगू कोणत्या तोंडाने? पाणी आलं, काळजाला भिडलं, सगळं आधीच बोलून बसलो होतो. शेजारी डॉक्टर हातमोज्याने डोळे पुसत होते. ते म्हणाले, "अप्रतिम," आणि हिने त्यांना वाकून नमस्कार केला. मग माझ्याकडे वळली. "तुम्ही सांगा." मी म्हणालो, "गाणं बरं झालं. दुसऱ्या कडव्यात तुला दम पुरला नाही." ही माझ्याकडे बघतच राहिली. "म्हणजे ऐकलंत," म्हणाली, आणि अशी हसली, की लग्नातल्या फोटोतही ती तशी हसलेली नाही.

मला वाटलं, सुटलो. नारिंगी बंडी काढून मास्तरांना परत द्यायला गेलो. तर ही मागून म्हणते, "राहू द्या मास्तर, ह्यांनाच कायमचं शेपूट ठेवा. मी दर रविवारी गाणार आहे, आणि हे असे दमून आले की गप्प बसतात. गप्प बसले की ऐकतात."

डॉक्टरांनी लगेच बाटली माझ्याकडे दिली. वारा सुटला होता ना.

बंडी घरी दाराजवळच्या खुंटीला टांगलीय. आता कुठे पळणार मी? पळायला पुढे जावं लागतं, आणि शेपटाने पुढे जायचं नाही.