आबांची ओळ

भाऊसो : अगं, माझ्या दुकानाच्या स्लॅबवर बसून तास झाला तुला. हा नेटचा डबा बिघडलाय का धड हाय, एवढं तर सांग की!

संघप्रिया : डबा धड आहे, भाऊसोमामा. हा खालच्या तेवीस घरांवरच्या डब्यांशी बोलतो. मी ह्याला आकडा देते, की तुझ्यापर्यंत आवाज एवढाच यायला पाहिजे. मग जवळचं घर हळू बोलतं, लांबचं जोर लावतं. इथं पोचेपर्यंत सगळ्यांचा आवाज सारखा.

भाऊसो : आणि लांबच्याचा जोर कमी पडला तर?

संघप्रिया : तुटतं ते घर.

भाऊसो : बरं. मग तोंड एवढं उतरायला काय झालं?

संघप्रिया : ह्या लॅपटॉपवर घरांची यादी आहे, तिची शेवटची ओळ बघा. नाव मीच टाकलेलं.

भाऊसो : 'आबा'. तुझं वडील न्हवं? चैत्रात गेलं ते?

संघप्रिया : जोतिबाच्या यात्रेच्याच दिवशी. इथं डोंगरावर ती गर्दी, सगळ्यांचे फोन, वायफाय, नुसता गोंगाट. गिऱ्हाइकं शिव्या घालत होती. गोंगाटावर ऐकू यावं म्हणून मी कोल्हापुरात ऑफिसात बसून आकडा आठनं वाढवला. बावीस घरं हिरवी दिसली, म्हटलं झालं काम. शेवटची ओळ बघितलीच नाही मी. आबांचं घर अकरा किलोमीटरवर, आधीच सगळा जोर लावून बोलणारं, ते तुटलं. तिथं मोबाइलला रेंज नाही. छातीत कळ आली तर फोन ह्याच नेटच्या लाइनवरनं. चार वेळा लावला त्यांनी मला, लागलाच नाही. सकाळी दूधवाल्याला सापडले.

भाऊसो : अरारारा! पोरी... मग आता तिथं कोण हाय?

संघप्रिया : कोणी नाही. घराला कुलूप, वीज तोडलेली. पुण्यानुमोदनाचा विधी झाला त्या दुपारी त्यांचा डबा मीच उतरवला. तो काय, पिशवीत.

भाऊसो : ह्यो? ह्याची तर वायर कापलीया!

संघप्रिया : आणि सकाळपासनं यादीत तो जोडलेला दिसतोय.

भाऊसो : जोतिबाच्या नावानं चांगभलं! पूस ती ओळ. आत्ताच्या आत्ता पूस!

संघप्रिया : आमच्यात भुतंखेतं मानत नाहीत, मामा. आबांनी तर अख्ख्या वस्तीतलं अंगात येणं बंद पाडलं. म्हणून तपासतेय. आता आकडा वाढवते. एवढ्या लांबचा डबा असला, तर तुटायलाच पाहिजे.

(ती बटण दाबते. खाली गुलाल-खोबऱ्याच्या दुकानांत रविवारचा गलका तसाच चालू.)

भाऊसो : तुटली?

संघप्रिया : नाही. वर आली, बरोबर आकड्याला. अजून वाढवते... आली. आता असल्या डब्यात नसतोच एवढा जोर दाखवतंय.

भाऊसो : थांब की! किती ताणशील त्यांस्नी? म्हाताऱ्या माणसानं किती वरडायचं गं?

संघप्रिया : त्या दिवशीही असेच ओरडले असतील. मीच मारलं त्यांना, मामा.

भाऊसो : गप. काय बी बोलू नगंस. आकडा उतरव.

संघप्रिया : उतरवला तर बाकीच्यांचं नेट ह्या गर्दीत झोपेल. साहेब मला घरी बसवतील.

भाऊसो : झोपू दे की तासभर! कोण मरत न्हाय त्यानं. उतरव म्हणतो न्हवं?

संघप्रिया : उतरवते... झालं. यात्रेच्या आधी होता तिथं आणला.

भाऊसो : मग? गेली व्हय ओळ?

संघप्रिया : आहे. आवाज स्वच्छ येतोय. पण जोर... जोर पार तळाला गेलाय, मामा. एवढ्याशा जोरात अकरा किलोमीटरवरनं काही पोचत नाही. तुमच्या समोरच्या गल्लीतनंसुद्धा नाही.

भाऊसो : म्हंजे?

संघप्रिया : म्हणजे ते लांब नाहीत. एवढं हळू बोललेलं फक्त ह्याच स्लॅबवरनं ऐकू येईल.

भाऊसो : ...मी खाली जातो, पोरी. तुम्ही दोघं बोला निवांत.