खांद्याला आराम

...आराम द्या म्हणे! खांद्याला आराम द्या! अहो, कुणाला सांगता? तुमचा पाय दुखला की तुम्ही खुर्चीत बसता. मी खुर्चीतच बसलोय! मी आता कुठं बसू?

तुम्हाला सांगतो, त्र्याण्णव साली पिंपळगावात द्राक्षाच्या भरल्या टेम्पोवर दोरी आवळत होतो, दोरी तुटली, मी खाली, मणका गेला. कमरेखाली सगळं सामसूम. तेव्हापासून ही चाकाची खुर्ची. पण कुणाला हात लावू दिला नाय हां! पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून संडासात, तिथनं परत खुर्चीत, मग पॅकहाऊसला, द्राक्षाचे घड निवडायला... सगळं या दोन खांद्यांच्या जिवावर! दहा-अकरा वर्षं गेली आणि उजवा बोंबलायला लागला. केस विंचरायला हात वर नेला की डोळ्यांपुढं काजवे!

त्यात शेजारचे रावजीतात्या. "धनराज, लेका, दिवसभर बसून तर असतो तू, खांदा कशानं दुखतो रे?" आता बोला!

गेलो नाशिकला. सोबत मोहिनी, आमची मंडळी. तिथं व्यायाम शिकवणाऱ्या स्नेहल मॅडम, वयानं पोरगीच हो, त्यांनी प्लास्टिकचा खांदा दाखवला. मी बघतच राहिलो! अहो, एवढीशी बशी, तिला लिंबू टेकवावं तसं ते गोल हाड, आणि भोवती चार पट्ट्या. बस्स! एवढ्यावर मी इतकी वर्षं चाललो? देवानं हा सांधा दिला तो टाळ्या वाजवायला, फार तर फळीवरचा डबा काढायला, आणि त्याच्यावर मी रोज अख्खा गडी उचलून ठेवतोय! काय चीज हाय हो ही! वाटलं, नमस्कार करावा त्याला. करायला गेलो तर तोच दुखला.

"काका, खांद्याला आराम द्या," मॅडम म्हणाल्या. "हात खांद्याच्या वर न्यायचा नाही. आतला स्नायू फाटला, तर स्वतःचं स्वतः उठणं बंद."

म्हणजे क्रेटसारखं मला उचलायचं आणि ठेवायचं? आणि उचलणार कोण? मोहिनी? तिची चण ती केवढी!

"मॅडम," म्हटलं, "बसलेल्या माणसाचं सगळं जगच खांद्याच्या वर असतं हो! बटण वर, आरसा वर, चहाचा डबा वर, देवसुद्धा वर!"

मोहिनीनं तेवढं बरोबर ऐकून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी पॅकहाऊसवरून घरी येतो तर... काय सांगू तुम्हाला! सगळं घर खाली उतरलेलं! वायरमन बोलावून बटणं खाली, आरसा खाली, गॅस बुटक्या टेबलावर, देव माझ्या छातीशी! आणि मधोमध ही, घामाघूम, हातात हातोडी. "घ्या, द्या आता आराम!" तो प्लास्टिकचा खांदा बघून थक्क झालो होतो ना, ते काहीच नाय. डोळे भरले हो, खोटं कशाला बोलू? तात्या आले, आरशात डोकावले, त्यांना नुसतं पोट दिसलं!

माझा खांदा निवळला. पण ती उभं राहणारी बाई! वाकून भाकरी, वाकून दिवाबत्ती, वाकून कुंकू... पुढच्या सीझनला कंबर धरली. परत त्याच मॅडम.

"काकू, कमरेला आराम द्या. वाकायचं नाही. घरातल्या वस्तू जरा उंचावर ठेवा."

आम्ही एकमेकांकडं बघितलं आणि असे हसलो, असे हसलो, मॅडमनी पाणी मागवलं!

बाहेर येऊन म्हटलं, "बोलावू का वायरमनला?" तर म्हणते, "राहू द्या हो खालीच. तुम्हाला कुणी उचललेलं मला नाय बघवणार."

मग ठरलंय आमचं. ज्याचं दुखत नाय, त्यानं चहा करायचा. आज?... आज दोघांचंही दुखतंय. तुम्हाला येतो का हो चहा करता? डबा खालीच हाय.