पाण्यात गेलेला ब्रह्मा घाट

रामनगरला जाणारी नाव भरेपर्यंत विद्युल्लताकाकूंपुढे बसलेले दोघे मराठीत कुजबुजत होते. इथं हिंदी मुलखात कुणाला कळणार, असा त्यांचा हिशेब असावा.

"निनाद, उपग्रहाचा फोटो नकाशावर बसवला, तर ब्रह्मा घाटाची घरं नदीत दिसतायत."

"जुळवायच्या खुणा कशावर धरल्यास?"

"देवळाचा चौथरा, पुलाचा खांब आणि घाटाची जेट्टी."

"अगं मुक्ता, जेट्टी तरंगते. पाणी उतरलं की तिची जागा बदलते."

"आता लक्षात आलं. पण तो नकाशा कालच कचेरीत गेला. पुरात जाणारी म्हणून त्यांच्या माणसांनी त्या घरांच्या दारांवर लाल फुल्या मारल्यात."

"अगं, पुसल्या जातील. रंगच आहे."

"नाही पुसत," मागून काकू म्हणाल्या आणि लाल झालेली बोटं त्यांच्यापुढे धरली. "सकाळभर घाटावरचं माझं दार घासलं."