बेटावर हरवलेली कुडी

अगं, परवा अर्नाळ्याच्या बेटावर काय झालं ऐक! पलीकडच्या सुनसान किनाऱ्यावर मी वाकून शंख वेचत होते. जाळं शिवत बसलेल्या कोळी आजींनी विचारलं, "काय सांडलं गो बाय? सोनं?"

चाळिशीत शंख वेचते म्हणायची लाज वाटली. म्हटलं, "हो, कानातली कुडी."

झालं! आजींनी हाका मारून चार बायका गोळा केल्या. सगळ्या वाळू उपसायला लागल्या. आणि एकीला खरंच सोन्याची कुडी सापडली!

दुसरी अशी किंचाळली की कुरव पक्ष्यांचा अख्खा थवा उडाला. "ही तं माझी! शिमग्यात हरवलेली!"

सुटले एकदाची, म्हणून मी शंखांची पिशवी उचलली, तर आजी पदर खोचत म्हणाल्या, "थांब बाय, आता तुझी शोधू."